घरचा पंच

'पाचामुखी परमेश्वर' असे आपल्याकडे म्हणतात. पाच माणसे पारावर बसली, त्यांनी दोन्हीकडचे ऐकून घेतले आणि मग जे सांगितले ते देवाने सांगितले असे मानावे, असा त्याचा अर्थ. मला नेहमी वाटते की या म्हणीतली खरी ताकद परमेश्वरात नसून पाच या आकड्यात आहे. पाचांतला एक कुणाचा मेहुणा असणार, दुसरा भाऊबंद असणार, तिसऱ्याचे कुणाकडे येणे असणार. पण पाच जणांच्या पाच ओढी पाच दिशांना असल्या की गाडा बहुधा वाटेवरच राहतो. पुढे क्रिकेटचा खेळ आपल्याकडे आला आणि त्यातल्या अंपायरला आपण 'पंच' म्हणू लागलो. शब्द दिला, पण पाचांतले चार काढून घेतले. उन्हात एकटा उभा राहिलेला माणूस, आणि त्याच्याकडून अपेक्षा मात्र परमेश्वराची!

त्यातही हा एकटा माणूस जर घरचा असेल तर? फलंदाजी करणाऱ्या संघातलाच एखादा गडी, ज्याची पाळी अजून यायची आहे किंवा येऊन गेली आहे, तो पंच म्हणून उभा असेल तर? मोठ्या सामन्यांच्या वर्णनांत हा प्राणी आढळत नाही. पण जगात रोज खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटपैकी बरेचसे क्रिकेट घरच्या पंचाच्या बोटावर चालते. आमच्या कासुर्डीच्या आसपास, पुणे–सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांतून, ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. रोख बक्षिसांच्या मोठ्या स्पर्धा असतात तेथे मांडव पडतो, कर्णा लागतो, बाहेरगावचे पंच येतात. पण एरवी आळीविरुद्ध आळी किंवा वस्तीविरुद्ध गाव असे सामने होतात, तेव्हा पंच घरचाच. टेनिस चेंडूत पायचीत देत नाहीत, हे एक बरे आहे. नाही तर निम्म्या सामन्यांची अखेर चावडीवर झाली असती. तरी धावबादाचा प्रश्न राहतोच. यष्ट्या उडालेल्या असतात, फलंदाज हातभर बाहेर असतो, आणि घरचा पंच मान हलवून म्हणतो, "पोचला होता." समोरचे थोडे ओरडतात, मग हसतात. त्यांच्या डावात त्यांचाही पंच घरचाच असणार असतो.

म्हणजे घरचा पंच म्हणजे झुकता पंच, हे गृहीतच धरलेले असते. ते गृहीत धरले म्हणून खेळ बिघडतो असेही नाही. मग त्यात विचार करण्यासारखे काय आहे? मलाही फारसे काही वाटत नव्हते. पण दिवाळी अंकासाठी काय लिहावे या विचारात असताना हाच प्रश्न फार लांबून माझ्याकडे आला, आणि आला तो वेगळ्याच रूपात.

आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा सध्या अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकतो. त्याचे आणि विद्यापीठाचेही नाव येथे घालत नाही, कारण नावाने येथे काही अडत नाही. जमीन थोडी, शिक्षणाचे कर्ज मोठे, आणि मुलगा हुशार, अशी आपल्याकडे आता पुष्कळ घरे आहेत. त्यांतलेच हे एक. गेल्या वसंतात त्याच्या विद्यापीठात एक हौशी क्रिकेट स्पर्धा झाली. त्यात तो खेळला, एका डावात पंच म्हणून उभा राहिला, आणि त्यानंतर एक रविवारभर त्याने मला फोनवरून जे सांगितले ते या लेखाचे कारण आहे.

अमेरिका आणि क्रिकेट म्हटले की आपल्याकडे थोडे हसू येते. पण न्यूयॉर्कला १८४४ साली अमेरिका आणि कॅनडा यांचा जो सामना झाला, तो दोन देशांमधला पहिला क्रिकेट सामना समजला जातो. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या पहिल्या कसोटीच्या तेहतीस वर्षे आधीची ही गोष्ट. पेनसिल्व्हेनियातले हॅवरफर्ड महाविद्यालय आणि तेथलेच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांचे विद्यार्थी १८६४ साली एकमेकांविरुद्ध क्रिकेट खेळले आहेत. पुढे बेसबॉलने हे सारे मैदान व्यापले आणि क्रिकेट कोपऱ्यात गेले. ते परत आले ते आपल्याकडच्या मुलांच्या सामानातून. पुणे, हैदराबाद, लाहोर, ढाका, काठमांडू येथून शिकायला गेलेल्या मुलांनी ते परत नेले. २००९ सालापासून तेथल्या महाविद्यालयांच्या संघांची एक स्पर्धा मार्चच्या सुट्टीत फ्लॉरिडात भरू लागली, आणि तशा लहानमोठ्या स्पर्धा आता अनेक विद्यापीठांतून होतात.

याच वाटेने गेलेला सौरभ नेत्रवळकर आपल्याला ठाऊक आहे. २०१० साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, पुढे मुंबईकडून रणजी सामनाही खेळला, आणि मग २०१५ साली क्रिकेटचा नाद सोडून कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला गेला. नाद सुटला नाही. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी तो खेळत राहिला, आणि २०२४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला अमेरिकेकडून खेळताना त्याने विराट कोहली आणि रोहित शर्मा यांना बाद केले. पण नेत्रवळकर एखादाच. बाकीच्यांसाठी हा खेळ म्हणजे फूटबॉलच्या मैदानावर अंथरलेली चटई, वर्गणी काढून घेतलेले चेंडू, आणि संपूर्ण दिवसात प्रेक्षक म्हणावे असे दोन जण: एक कुणाची तरी बायको आणि एक तेथून कुत्रे फिरवीत चाललेला म्हातारा. बक्षीस काय, तर एक पितळी चषक. पैसा नाही, नाव नाही, वर्तमानपत्रात चार ओळी नाहीत. याला आपण 'हौस' म्हणतो. शब्द फार चांगला आहे; त्यात फायदा मोजलेला नसतो. पण हौशी याचा अर्थ आळशी किंवा ढिला असा कुणी करू नये. पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर संस्कृत शिकवीत आणि क्रिकेट खेळत. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १९४४ साली, त्यांनी रणजी करंडकाच्या एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतके काढली. हौसेची किंमत कमी असते असे त्यांच्यासमोर उभे राहून कोण म्हणेल?

तर त्या स्पर्धेत चामड्याचा चेंडू होता, म्हणजे सगळे नियम लागू होते. पंचांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून ज्याची फलंदाजी त्याचे पंच असा ठराव होता. आमच्या मुलाचा संघ दुसऱ्या डावात खेळत होता. हा लवकर बाद होऊन आला होता, म्हणून शेवटची काही षटके गोलंदाजाच्या बाजूला पंच म्हणून उभा राहिला. समोर त्यांचा कप्तान खेळत होता. चार चेंडू आणि सहा धावा उरल्या असताना एक चेंडू बॅटच्या कडेला चाटून गेला. अगदी बारीक, नखाने ताट वाजवावे तसा आवाज. यष्टिरक्षकाने झेल घेतला, अकरा जण ओरडले, आणि याचे बोट वर गेले. सामना तीन धावांनी गेला.

हरणे ही काही मोठी गोष्ट नाही. पण हा कप्तान कोण? हा मुलगा पहिल्यांदा त्या देशात उतरला तेव्हा रात्री अडीच वाजता विमानतळावर गाडी घेऊन आलेला हाच. स्वतःची गादी याला देऊन पंधरा दिवस जमिनीवर झोपलेला हाच. घरमालकाने जामीन मागितला तेव्हा सही करणारा हाच. चार मुले एका घरात राहतात, वार लावून स्वयंपाक करतात, एकाला ताप आला तर दुसरा त्याच्या वर्गाची टिपणे आणतो. परदेशात माणूस अशा माणसांच्या आधारावर उभा असतो. तेथे मामा नाही, चुलता नाही. आणि तो कप्तान त्या रात्री एवढेच म्हणाला, "तुला थोडीसुद्धा शंका आली नाही का रे?" त्यानंतर तीन आठवडे तो याच्याशी कामापुरतेही बोलला नाही.

"शंका आली नाही का?" या प्रश्नाकडे नीट पाहावे. "तू खोटे का बोलला नाहीस?" असे कप्तानाने विचारलेले नाही. तसे तो विचारणारही नाही. सज्जन मुलगा आहे. क्रिकेटमध्ये शंकेचा फायदा फलंदाजाला देण्याची रीत आहे, आणि त्या रीतीच्या सावलीत याने उभे राहायला हवे होते, एवढेच त्याचे म्हणणे. आपण घरचे पंच असतो तेव्हा खोटे क्वचितच बोलतो. आपण शंका शोधतो. शंकेचा असा गुण आहे की ती शोधली की सापडतेच. आवाज बॅटचा होता की बुटाचा? वारा होता का? चेंडू झेलाआधी जमिनीला तर लागला नाही? दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतीत आपल्याला जे स्वच्छ दिसते तेच आपल्या मुलाच्या बाबतीत धूसर होते, आणि डोळे तर तेच असतात. आमच्या मुलाने शंका शोधली नाही, हाच त्याचा अपराध.

कप्तानाच्या बाजूने दुसरा एक मुद्दा आहे, आणि तो मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. पहिल्या डावात समोरच्या संघाचे पंच होते. त्यांच्या फलंदाजाची अशीच कड लागली होती, ती सगळ्यांनी ऐकली होती, आणि त्यांच्या पंचाने मान हलवली होती. त्या फलंदाजाने पुढे तीस धावा काढल्या. आता दोन्ही तराजू वाकडे असतील तर सौदा कसाबसा बरोबर होतो. एकच सरळ असेल तर नुकसान सरळ असणाऱ्याचे. मग प्रामाणिकपणा म्हणजे आपल्याच दहा गड्यांच्या खिशात हात घालणे नव्हे काय?

याचे उत्तर मला आमच्या भागातल्या उसाच्या काट्यावर सापडते. साखर कारखान्याचा काटा मारतो, असा शेतकऱ्याचा संशय असतो. संशय खरा की खोटा ते मी येथे बोलत नाही. संशय असतो एवढे खरे. मग कुणी शेतकरी मोळीत थोडे पाचट राहू देतो, वाढे जरा लांब ठेवतो. काट्याने खाल्ले तर पाचटाने भरून निघेल, असा हिशेब. तोही वरवर बरोबर वाटतो. पण यात एक गोष्ट घडते: त्या रानात ऊस किती झाला, हे मग जगात कुणालाच कळत नाही. कारखान्याला कळत नाही, शेतकऱ्यालाही कळत नाही. पुढच्या साली खत किती घालावे, बेणे बदलावे की नाही, हे ठरवायला त्याच्याजवळ खरा आकडाच नसतो. दोन खोट्यांची बेरीज शून्य होते असे आपण समजतो. होत नाही. ती बेरीज म्हणजे अज्ञान.

शेतकऱ्याच्या बाबतीत निदान पोटाचा प्रश्न आहे, आणि पोटापुढे मी फार तत्त्वज्ञान सांगणार नाही. खेळात पोट नाही. ती मुले शनिवारची झोप मोडून, वर्गणी देऊन त्या चटईवर कशासाठी आली होती? दोन संघांत त्या दिवशी चांगला कोण, एवढे कळावे म्हणून. तेवढेच तेथे मिळण्यासारखे होते. तेही पंचाने खाल्ले तर उरले काय? पितळेचा चषक? तो तर बाजारात विकत मिळतो, त्यासाठी वीस षटके धावायची गरज नाही.

आता उपकाराचा मुद्दा. विमानतळ, गादी, जामीन. हे सारे खरे आहे, आणि जो माणूस हे विसरून बोट वर करतो तो मला थोडा भीतिदायकच वाटेल. पण उपकार फेडायचा तर तो आपल्या खिशातून फेडावा लागतो. १९८० साली मुंबईला वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध एक कसोटी सामना झाला. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेले होते. बॉब टेलर यष्टिरक्षकाकडे झेल गेला म्हणून पंचांनी त्याला बाद दिले. आपला कप्तान गुंडाप्पा विश्वनाथ याची खात्री होती की चेंडू बॅटला लागलेलाच नाही. त्याने पंचांना सांगून टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. विश्वनाथच्या या कृत्याचे कौतुक आजही होते, आणि ते योग्य आहे. अपील त्याच्या संघाचे होते. ते मागे घेण्याचा अधिकार नियमांनी कप्तानाला दिलेला आहे. त्याने आपल्या घरातले दिले. पंचाच्या घरात काय असते? ती विकेट त्याची नसते, गोलंदाजाची असते. ती उचलून मित्राला देणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे. कप्तान उदार होऊ शकतो, पंच होऊ शकत नाही. उदारपणा करायला त्याच्याजवळ स्वतःचे काही नाही.

येथे रामशास्त्र्यांचे उदाहरण देण्याचा मोह होतो. आपल्या मालकाला, राघोबादादांना, देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश! पण असे उदाहरण देऊन मुलाला गप्प बसवणे सोपे असते. रामशास्त्र्यांसमोर पुतण्याचा खून होता. इतक्या मोठ्या गोष्टीसाठी मोडायला माणूस एखादे वेळी तयार होतो, कारण मोडल्याचे सारे जग बघत असते. बॅटच्या कडेला चाटलेला चेंडू, कुत्रे फिरवणारा म्हातारा आणि तीन आठवड्यांचा अबोला, यासाठी मोडणे निराळे. यात मोठेपणाही मिळत नाही. उलट घरातले म्हणतात, "एवढ्याशासाठी?"

एवढे सगळे मी त्या मुलाला फोनवर सांगितले. मला वाटले, त्याचे समाधान होईल. तो म्हणाला, "सर, हे मला पटते. कप्तान बाद होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. मला छळते ते दुसरेच. बोट इतक्या लवकर कसे वर गेले?"

मग त्याने उलगडून सांगितले. सामना सुरू होण्याआधीच समोरच्या संघातले कुणीतरी हसत म्हणाले होते, तुमचे पंच तुम्हांला हरू देणार नाहीत. ते याला लागले होते. दाखवून देईन, असे याने मनात धरले होते. कड लागली, आवाज आला, आणि त्याच क्षणी याच्या मनात 'बाद आहे' याच्या आधी 'हीच संधी' असे आले की काय, हे त्याला आता ठरवता येत नाही. निर्णय बरोबर. पण निर्णय देणारा त्या क्षणी चेंडूकडे पाहत होता की स्वतःकडे?

हा प्रश्न मात्र मला माझ्या धंद्यातून पुरा ओळखीचा आहे. मास्तराचा मुलगा मास्तराच्याच वर्गात असला की काय होते? लोकांना वाटते, मास्तर त्याला दोन गुण चढवून देत असेल. मी जे पाहिले आहे ते बहुधा उलटे आहे. मास्तर त्याचा पेपर शेवटी तपासतो, लाल शाई जरा ठासून वापरतो, आणि दुसऱ्या कुणाला दिला असता तो अर्धा गुण त्याला देत नाही. गाव म्हणते, काय निःस्पृह माणूस! मुलगा मात्र घरी येऊन गप्प जेवतो. दिवाळीत शेजारची मुले फराळाला आली की घरोघरी असेच होते. आई चांगली फुगलेली, सारणाने भरलेली करंजी शेजारच्या मुलाला देते आणि फुटकी आपल्याला. करंजीत ते शोभते. करंजी तिची आहे, तिने तळली आहे, ती विश्वनाथच्या बाजूची आहे. पण गुण मास्तराचे नसतात. आपल्या माणसाला कमी देऊन मिळवलेली कीर्ती हीसुद्धा काटामारीच आहे, फक्त पारडे दुसरे. आपल्याकडे झुकणाऱ्या पंचाला लोक चोर म्हणतात आणि आपल्याविरुद्ध झुकणाऱ्याला हरिश्चंद्र. सरळ उभा राहणाऱ्याला मात्र काहीच म्हणत नाहीत, कारण तो दिसतच नाही.

मोठ्या क्रिकेटने यावर तोडगा काढला, घरचा पंच काढूनच टाकला. १९८६ साली पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या लाहोरच्या कसोटीत इम्रान खानच्या आग्रहामुळे दोन भारतीय पंच उभे राहिले, मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. पाकिस्तानच्या भूमीवर पाकिस्तानच्या सामन्याला भारतीय पंच, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. पुढे २००२ पासून कसोटीतले दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे असावेत असे ठरले. पण २०२० साली साथ आली, विमाने थांबली, आणि त्रयस्थ पंच आणायचे कुठून? पुन्हा यजमान देशाचे पंच उभे राहिले. मला ते उगीच बरे वाटले. इतकी यंत्रे, इतके कॅमेरे, आणि तरी वेळ आली तेव्हा घरच्याच माणसावर विसंबावे लागले.

आणि घरात तर दुसरा पंच कधीच नसतो. दोन भावांच्या वाटणीत थोरली वहिनी बोलते ती घरची पंच. सुनेचे आणि लेकीचे भांडण ऐकणारी म्हातारी घरची पंच. लाहोरहून कुणाला बोलावणार? जे बघितले त्याच्याशी, आणि ज्यांच्याबरोबर रात्री जेवायचे आहे त्यांच्याशी, दोघांशीही एकाच अंगाने राहायचे असते.

कप्तान आता बोलतो, असे मुलगा म्हणाला. गॅसच्या बिलाचे बोलतो, भांड्यांच्या पाळीचे बोलतो. सामन्याचे नाव दोघेही काढत नाहीत. पुढच्या सुट्टीत पुन्हा स्पर्धा आहे, आणि पंचांच्या यादीत कप्तानाने याचे नाव घातले आहे. रागाने की विश्वासाने, ते याला कळलेले नाही.

मी त्याला म्हटले, "या वेळी अपील झाले की बोट उचलण्याआधी मनात तीन आकडे मोज."

तो हसला. म्हणाला, "सर, तीन मोजेपर्यंत तो माझ्याकडेच बघत असतो."